खांब कुणाचा, तार कुणाची

उंब्रजच्या पेठेतला कुठलाही एक सिमेंटचा खांब घ्या आणि वरून खाली बघत या. शेंड्याला चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर आणि त्यांवरून गेलेल्या उघड्या तारा, या महावितरणच्या. खाली लोखंडी दांड्यावर एलईडीचा दिवा, तो ग्रामपंचायतीचा. दिव्याखालून दुकानांकडे आणि माड्यांकडे तिरक्या उतरलेल्या सर्व्हिस वायरी. त्यांच्याही खाली काळ्या केबलींचा जुडगा, बाइंडिंगच्या तारेने आवळलेला. त्याला लटकलेली वेटोळी, पुढेमागे लागतील म्हणून ठेवलेली. दोन काळे डबे, त्यातल्या एकाचं झाकण उघडं. मग कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची सुटलेली चौकट, आणि बुडाशी, माणसाच्या हाताला येईल तिथे, शिकवणीवर्गाची आणि मूळव्याधीवरच्या औषधाची जाहिरात.

खांब एकाचा आणि त्यावर संसार पाचसहा जणांचा. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘रस्त्याकडेला’ असा विषय दिला, तेव्हा लोक पानटपऱ्या, वडाची झाडं, मैलाचे दगड असले विषय घेतील हे उघड होतं. मी हा खांब मागून घेतला. कारण गेल्या काही वर्षांत एखाद्या घरात नेट पोचणार की नाही, पोचलं तर टिकणार की नाही, याचा निकाल कंपनीच्या जाहिरातीत लागत नाही. तो घराजवळच्या खांबावर लागतो.

त्यासाठी उंब्रज हे गाव सोयीचं आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा आणि कराड यांच्या मधे, तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथे हे गाव वसलं आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. एक वाट चरेगाववरून चाफळकडे जाते, एक पालच्या खंडोबाकडे आणि तारळ्याकडे, एक कृष्णा ओलांडून मसूरकडे. म्हणजे मोठी पेठ, चहूबाजूंनी खेडी, मधे उसाचे मळे, आणि सगळ्याला छेदून जाणारा महामार्ग. नेट आणणाऱ्या फायबरच्या वाटेत येऊ शकतील अशा जवळपास सगळ्या अडचणी इथे एका फेरफटक्यात बघायला मिळतात.

साडेसहा मीटरचा हिशेब

गावठाणातला साधा सिमेंटचा खांब आठ मीटरचा असतो. त्याचा सहावा हिस्सा तरी जमिनीत जायला हवा. सहसा दीड मीटर पुरतात. उरले साडेसहा मीटर. वरचा मीटरभर भाग विजेच्या तारांचा. या तारा कुठेही ताणून चालत नाहीत. लघुदाबाची उघडी तार रस्ता ओलांडत असेल तर जमिनीपासून किमान 5.8 मीटर आणि रस्त्याकडेने जात असेल तर किमान 5.5 मीटर उंच हवी, असं वीजसुरक्षेचे नियम सांगतात. रस्ता ओलांडायला म्हणूनच बऱ्याचदा नऊ मीटरचा खांब उभा करतात.

आता फायबर कुठे बांधायचं? विजेच्या तारेपासून हातभर तरी खाली, आणि खालून जाणाऱ्या वाहनापासून हातभर तरी वर. म्हणजे खांबावर पाच मीटरच्या आसपासची जागा उरते. पण केबल काही सरळ रेषेत राहत नाही. दोन खांबांच्या मधोमध झोळ पडतो. अर्धा मीटर झोळ धरला तरी मधे उंची साडेचार मीटर. मालमोटारीची उंची नियमाने चार मीटरच्या आत असावी लागते. राहिलं अंतर अर्ध्या मीटरचं.

कागदावर हे अंतर पुरतं, पण कराड तालुक्यात दिवाळीनंतर ते पुरत नाही. हा अंक हाती येईल तेव्हा साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतील. सह्याद्री कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरवर ऊस किती उंच रचलाय हे मोजायला कुणी टेप घेऊन उभं नसतं. उसाचं वाढं वरच्या केबलीत अडकतं, ट्रॅक्टरवाल्याला कर्ण्यात लावलेल्या गाण्यापुढे काही कळत नाही, आणि दोन खांबांमधली केबल ट्रॉलीमागे फरपटत निघते. तुटते तीही ओढ बसेल तिथे नाही. पार पुढच्या तिसऱ्या-चौथ्या खांबावरच्या डब्यात जोड निसटतो. घरात लाल दिवा लागलेला ग्राहक फोन करतो आणि फायबरचा पोरगा मोटारसायकलवर शोधत फिरतो की कुठल्या गाळ्यात, म्हणजे कुठल्या दोन खांबांमधे, काय झालंय.

गणपतीत निराळा प्रकार. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवर साउंडच्या भिंती चढतात, त्यापुढे मूर्ती, आणि एकजण पुढे लांब काठी घेऊन तारा उचलत चालतो. काठी बांबूची असते. ती नेटच्या केबलीला लागतेय की सर्व्हिस वायरीला, हे रात्री दहा वाजता रोषणाईत कळायला मार्ग नाही. हा काठीवाला मला या सगळ्या कथेतला सर्वांत धोक्यात असलेला माणूस वाटतो. त्याचं नाव मंडळाच्या अहवालातही येत नसेल.

शिवारात आणखी एक शत्रू आहे. ऊस तुटून गेला की पाचट पेटवतात. पाचट कुजवा, जाळू नका, असं कृषी खातं सांगतं. पण जाळणारे जाळतात. खांब बांधावर, केबल फडावरून गेलेली. वरची ॲल्युमिनियमची तार त्या झळीत तग धरते. पाच मीटरवरच्या केबलीचं प्लास्टिक मात्र मऊ पडतं, आतली काच उघडी पडते, आणि नेट त्याच दिवशी जात नाही. ते आठ-पंधरा दिवसांनी, पहिल्या दवाला किंवा पावसाला जातं. तोवर कारण कुणाच्या लक्षात नसतं.

दोनशे किलोंचा खांब

सिमेंटच्या खांबाला ‘140 किलोचा’, ‘200 किलोचा’ असं म्हणतात. हे त्याचं वजन नव्हे. वजन त्याहून बरंच जास्त असतं. शेंड्याजवळ आडवी ओढ किती सोसेल, त्याचा तो आकडा. गावात सर्रास दिसणारे खांब याच दोन मापांचे.

आता एक साधं गणित. चोवीस कोअरची, आपली आपण तोलून राहणारी केबल किलोमीटरला शंभर किलोच्या आसपास भरते. पन्नास मीटरच्या गाळ्यात तिचं वजन पाच किलो. पाच किलोंनी खांबाचं काय वाकडं होणार, असं कुणालाही वाटेल. पण मधोमध अर्धाच मीटर झोळ ठेवायचा तर तिला दोन्हीकडून साठ-बासष्ट किलोंनी ताणावं लागतं. झोळ मीटरभर ठेवला तर ताण निम्म्यावर येतो. म्हणजे ताण कमी करावा तर केबल उसाच्या ट्रॉलीला लागते, आणि झोळ कमी करावा तर खांब ओढला जातो. फायबर ओढणाऱ्या प्रत्येक टोळीला हा पेच रोज सोडवावा लागतो, बहुतेकदा नुसत्या नजरेने.

सरळ ओळीत हे खपून जातं, कारण खांबाच्या दोन्ही बाजूंना सारखी ओढ असते. खरी परीक्षा वळणावर होते. काटकोनात वळण असेल तर त्या एका केबलीची एकत्रित ओढ नव्वद किलोंच्या घरात जाते. अशा तीन केबली तीन वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांना न विचारता बांधल्या की दोनशे किलोंचा खांब संपला. केबल शेंड्यापासून खाली असते म्हणून थोडी सूट मिळते हे खरं. पण विजेच्या तारांची ओढ आणि वळवाचा वारा यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. महावितरण वळणावरच्या खांबाला उलट बाजूने लोखंडी ताण देतं. तो विजेच्या तारांपुरता मोजलेला असतो, नंतर येऊन बसलेल्या पाहुण्यांसाठी नव्हे.

त्यात कृष्णाकाठची काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि बुडाला काँक्रीट नसेल तर दोन-चार वर्षांत खांब कलायला लागतो. मळ्याच्या रस्त्यांवर कललेले खांब नीट पाहिले तर बरेचसे वळणावरचे किंवा ओळीतले शेवटचे असतात. सगळा दोष फायबरचा नाही. ताणाला म्हैस बांधणारे, ट्रॅक्टर वळवताना खांबाला घासणारे, बांध कोरता कोरता खांबाचं बूड उघडं पाडणारे आपणही आहोतच.

खांबाखालची प्रयोगशाळा

तुटलेली केबल जोडतात कशी, हे एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. खांबाला बांबूची किंवा ॲल्युमिनियमची शिडी, वर एक पोरगा, खाली रस्त्याकडेला पोतं अंथरून दुसरा. त्याच्यापुढे डब्याएवढं मशीन, लहानसा पडदा असलेलं. केबलीचं काळं कवच सोलल्यावर आतून रंगीत धागे निघतात: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, पुढे लाल, काळा, पिवळा. कुठला रंग कुठल्या वस्तीचा, हे त्याच्या डोक्यात असतं, फारतर मोबाइलमधल्या फोटोत. धाग्यावरचा रंगीत लेप ओरबाडून काढला की उरते ती नुसती काच, मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी जाड. प्रकाश जातो तो तिच्याही आतल्या गाभ्यातून. गाभा नऊ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे शंभराहून जास्त भाग केले तर त्यातला एक.

मग स्पिरिटने पुसणं, क्लीव्हरने टक्क करून काटकोनात तोडणं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवणं. पडद्यावर दोन जाड खांबांसारखी ती टोकं दिसतात, मशीन त्यांना स्वतःच सरळ रेषेत आणतं, ठिणगी पडते, आणि काच वितळून काचेला मिळते. पडद्यावर जोडात वाया जाणाऱ्या उजेडाचा आकडा येतो: 0.02, 0.05. तो आला की दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. शेजारून वडाप जाते, धूळ उडते, सगळं पुन्हा पुसून घ्यावं लागतं. जे काम स्वच्छ खोलीत व्हावं ते रस्त्याकडेला पोत्यावर चालतं. तरी बहुतेक वेळा जमतं, याचं श्रेय त्या पोरांच्या हाताला द्यायला हवं. यातले बरेच जण आयटीआयलाही गेलेले नसतात. आधीच्या पोराबरोबर हिंडून शिकलेले.

हा आकडा का महत्त्वाचा? केबलवाल्याच्या ऑफिसातल्या यंत्रातून एकाच काचेवरून प्रकाश निघतो आणि वाटेत खांबावरच्या डब्यांमधल्या स्प्लिटरमध्ये त्याच्या वाटण्या होतात. आधी चार, मग प्रत्येकाच्या आठ, अशी बत्तीस घरं. कुठल्याही वीजयंत्राशिवाय, नुसती काच फोडून केलेली ही वाटणी. बत्तीस जणांत वाटल्यावर उजेड साहजिकच पातळ होतो. फायबरवाले हे डीबीत मोजतात. तीन डीबी गेले की उजेड निम्मा, दहा गेले की दहावा हिस्सा. निघताना अधिक तीन-चार असलेला आकडा घरात पोचेपर्यंत उणे वीसच्या आसपास येतो, आणि उणे सत्तावीसच्या खाली गेला की घरातल्या डबीवर लाल दिवा. सहा-सात डीबी हाताशी, एवढीच शिल्लक. चांगला जोड त्यातला नखभर खातो. पण घाईत लावलेला कनेक्टर अर्धा डीबी खातो, आणि खांबाला बाइंडिंगच्या तारेने करकचून आवळलेली, टोकदार मुडपलेली केबल त्याहून कितीतरी जास्त. काच तुटलेली नसते, प्रकाश वळणावर बाहेर सांडत असतो.

म्हणून ‘पाऊस आला की नेट हळू होतं’ ही तक्रार खोटी नसते. पावसाचा काचेवर परिणाम होत नाही. झाकण उघड्या राहिलेल्या डब्यात पाणी शिरतं, वाऱ्याने केबल हलते, मुडपलेली जागा आणखी मुडपते. आधीच काठावर असलेलं घर काठाच्या पलीकडे जातं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या माणसाने मग राउटर बदलावा, कंपनी बदलावी. खांबावरचं मुडपलेलं वळण तसंच राहतं.

केबलवाल्याची वाट

हे सगळं खांबावर चढलं कसं, याचं उत्तर नव्वदच्या दशकात आहे. तेव्हा गावोगावी डिश लावून केबल टीव्ही सुरू झाला. गावातलाच कुणी धडपड्या तरुण, वर मोठी थाळी, आणि घरोघरी नेलेली जाड काळी वायर. जमीन खणायला पैसा नव्हता, स्वतःचे खांब उभारण्याइतका धंदा नव्हता. विजेचे खांब मात्र प्रत्येक आळीत उभे होते. 1960 मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाने पुढच्या काही दशकांत ते वाड्यावस्त्यांपर्यंत नेऊन ठेवले होते. केबलवाल्याने त्यांचा आधार घेतला. वायरमन ओळखीचा, सरपंच नात्यातला, आणि क्रिकेटचा सामना सगळ्यांनाच बघायचा. कुणी हरकत घेतली नाही.

पुढे घरोघरी छोट्या डिश आल्या, मग मोबाइल आला, केबल टीव्हीचं गिऱ्हाईक घटलं. टिकले त्यांनी त्याच वाटेवरून फायबर ओढलं. कुणी बीएसएनएलशी भागीदारी केली, कुणी मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ घेऊन स्वतःचं नाव लावलं. गावातल्या नेटवर लोकांचा भरवसा आहे तो यांच्यामुळे, हे मान्य करायला हवं. रात्री नेट गेलं तर कंपनीचा टोल-फ्री नंबर लावण्यापेक्षा केबलवाल्याच्या घरी जाऊन हाक मारता येते.

सरकारी योजनेची वाट वेगळी होती. 2011 मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पण योजना ग्रामपंचायतीच्या दारापर्यंतची. तिथून आळीत, मळ्यात, घरात कसं जायचं, याची सोय आधी नव्हती. 2023 मध्ये सुधारित भारतनेटला एक लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर झाले, आणि घरापर्यंत जोडणी देण्यासाठी स्थानिक उद्योजक घ्यायचं ठरलं. म्हणजे फिरून पुन्हा त्या केबलवाल्याकडेच, आणि त्याच खांबाकडे.

परवानगी कुणाकडे मागायची

कायदा खांब वापरूच नका म्हणत नाही. 2022 मध्ये केंद्राने टेलिग्राफ मार्गाधिकार नियमांत दुरुस्ती केली, तीत रस्त्याकडेच्या खांबांवरून दूरसंचाराची केबल न्यायला वर्षाला खांबामागे शंभर रुपये असा दर लिहिला होता. पुढे नवा दूरसंचार कायदा आला आणि 1 जानेवारी 2025 पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू झाले. दुसऱ्या बाजूने 2003 च्या वीज कायद्याचं 51 वं कलम वीज वितरण कंपनीला वीज नियामक आयोगाला कळवून आपल्या मालमत्तेचा दुसऱ्या धंद्यासाठी उपयोग करू देतं, आणि त्यातल्या उत्पन्नाचा हिस्सा वीजवहनाचा आकार कमी करायला वापरावा असं सांगतं. म्हणजे उंब्रजच्या खांबावरच्या केबलीचं भाडं आलं तर तत्त्वतः ते उंब्रजच्या वीजग्राहकाच्या बिलाला थोडा हातभार लावू शकतं.

प्रत्यक्षात काय होतं? छोटा केबलवाला लेखी अर्ज करायला कचरतो, कारण अर्ज केला तर आधी बांधलेल्या शे-दोनशे खांबांचा प्रश्न निघेल. कार्यालयाला कागद नको असतो, कारण परवानगी दिली तर उद्या अपघात झाल्यावर सही कुणाची, हे विचारलं जाईल. म्हणून दोघंही गप्प. ‘असू द्या, चालतंय’ यावर जे चालतं ते एखाद्या दिवशी ‘काढा सगळं’ यावर थांबतं. बड्या कंपन्या या भानगडीत पडत नाहीत. त्या आपले बारीक लोखंडी पाइपचे खांब रोवतात. मग एका गटाराच्या कडेला विजेचा खांब, एका कंपनीचा पाइप, दुसऱ्या कंपनीचा पाइप, आणि बीएसएनएलचा जुना, तारा उतरवलेला खांब, असे चौघे शेजारी उभे दिसतात. जागा ग्रामपंचायतीची, आणि चौघांची नोंद एका कागदावर कुठेच नाही.

जमिनीखालून न्यावं म्हणाल, तर उंब्रजकरांना त्याचं उत्तर महामार्गाने दिलंय. सहापदरीकरणाच्या कामात खांब हलतात, सेवारस्ते हलतात, आणि जेसीबीचं बकेट खाली काय पुरलंय ते विचारत नाही. खोदण्याआधी कळवा म्हणून केंद्राने 2023 मध्ये ॲपही काढलं. मोठ्या ठेकेदाराला ते ठाऊक असेल. नळजोडणीसाठी चर मारणाऱ्याच्या कानावर ते गेलेलं नसतं.

वर चढणाऱ्याचं काय

या साऱ्या व्यवहारात ज्याला कुणी विचारलं नाही तो वायरमन. महावितरण त्याला आता जनमित्र म्हणतं. वादळी रात्री फेज गेला की त्याने खांबावर चढायचं, आणि चढताना वाटेत केबलींची वेटोळी, डबे, सुटलेल्या तारा. पाय ठेवायला जागा नाही, शिडी नीट टेकत नाही, सेफ्टी बेल्ट अडकतो.

फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज वाहत नाही, हे ऐकून लोक निर्धास्त असतात. काचेतून वाहत नाही हे खरंच. पण स्वस्त केबलीत काचेच्या शेजारी आधाराला पोलादी तार असते. विजेची तार तुटून त्या केबलीवर पडली, किंवा वाऱ्यात टेकली, तर ती पोलादी तार जिवंत होते आणि पार चौथ्या घराच्या खिडकीपर्यंत जिवंत राहते. धातू अजिबात नसलेल्या केबली मिळतात, महाग पडतात. खांबावरून न्यायची तर तीच केबल हवी, यात तडजोड असू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात जन्माष्टमीच्या रथाच्या मिरवणुकीत विजेचा धक्का बसून पाच जण गेले. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीने खांबांवरच्या केबली सरसकट कापायला घेतल्या, घराघरांतलं नेट बंद पडलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. वर्षानुवर्षं डोळेझाक आणि मग एका आठवड्यात कात्री. आपल्याकडे हा क्रम उलटा करायला अजून वेळ आहे.

दुसऱ्यांनी केलेलं बघायचं तर आंध्रने दहा वर्षांपूर्वीच फायबरनेट योजनेत विजेच्या खांबांवरून उघडपणे, सरकारी हिशेबात धरून, हजारो किलोमीटर केबल नेली. केरळात 2023 च्या जूनमध्ये सुरू झालेल्या के-फोनमध्ये तिथलं वीज मंडळच भागीदार आहे. अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात वीज आणि फायबर दोन्ही एकाच सार्वजनिक कंपनीचं. तिने 2010 मध्येच घरोघरी गिगाबिटचा वेग देऊ केला. याच अमेरिकेत जिथे खांब एकाचा आणि केबल दुसऱ्याची, तिथे आधीच्या केबली सरकवून नव्याला जागा करण्यात इतका वेळ जाई, की 2018 मध्ये तिथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाला नियम करावा लागला: साधं काम असेल तर एकाच टोळीने एका फेरीत सगळ्यांच्या केबली सरकवाव्यात. खांबाचा मालक ठरलेला असला आणि पाहुण्यांची यादी असली तरच असला नियम करता येतो.

मळ्यातलं घर

पेठेत खांबांची गर्दी ही अडचण, तर मळ्यात खांब नसणं ही. शिवारातलं घर घ्या. गावठाणातला शेवटचा खांब तीन-चारशे मीटर मागे. मळ्यात लाइन आहे, पण ती शेतीपंपांची. अकरा हजारांची वाहिनी, मग डीपी, मग विहिरीकडे गेलेल्या तारा. अकरा हजारांच्या खांबावर फायबरचा पोरगा चढत नाही, आणि चढूही नये. खांब उसाच्या मधोमध असतात. ऑगस्टनंतर तिथवर पोचायलाच वाट नसते. मग केबल बांधावरच्या बाभळीवरून, नारळावरून, रोवलेल्या वाशांवरून आणतात. वाटेतल्या भाऊबंदाने ‘माझ्या बांधावरून नको’ म्हटलं की संपलं. फायबर अडलंय ते तंत्रामुळे की जुन्या वाटणीच्या भांडणामुळे, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

कंपन्यांनी यावर हवेतून वाट काढलीय. 2023 च्या गणेशचतुर्थीला जिओने एअरफायबर सुरू केलं. छतावर डबी लावायची, टॉवरवरून 5जी घ्यायचं, खांबाची गरज नाही. टॉवर नजरेत असेल तिथे ते चालतं. चाफळ-तारळ्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीतल्या वाडीला टॉवर दिसतोच असं नाही, आणि एका टॉवरवर गिऱ्हाइकं वाढली की संध्याकाळी वेग उतरतो. शिवाय त्या टॉवरलाही शेवटी फायबर लागतंच, आणि तेही कुठल्यातरी खांबावरून किंवा चरातून आलेलं असतं.

करण्यासारखं काय आहे ते अवघड नाही. महावितरणच्या शाखा कार्यालयाने आणि ग्रामपंचायतीने मिळून एकदा गावातले खांब मोजावेत. प्रत्येक केबलीला मालकाच्या नावाचा आणि फोनचा बिल्ला सक्तीचा करावा. बिल्ला नसलेली केबल महिनाभराच्या नोटिशीनंतर उतरवावी. वळणावरच्या आणि शेवटच्या खांबांवर दोनच केबलींना मुभा द्यावी. भाडं शंभर रुपये घ्यावं, पण पावती द्यावी. पावती असलेला केबलवाला स्वतःच दुसऱ्याची बेवारस केबल दाखवून देईल.

तोवर वाचकांनी एवढं करावं. आपल्या घराकडे येणारी केबल कोणत्या खांबावरून येते ते खालून बघून ठेवा. नवं कनेक्शन घेताना वेग विचाराल तशी केबल पोलादी तारेची की बिनधातूची, हेही विचारा. केबल लोंबत असेल तर केबलवाल्याला सांगा. काठीने उचलू नका, ओढू नका, खांबाला शिडी लावू नका. आणि विजेची तार केबलीला टेकलेली दिसली तर आधी माणसं लांब करा आणि महावितरणला 1912 वर फोन करा. नेटची तक्रार त्यानंतर.